तीन राजे आणि एक प्रजासत्ताक

वाचकहो, जगाचा मोठा नकाशा हाताशी असेल तर तो जरा उघडून समोर धरावा. पॅसिफिक महासागराच्या दक्षिण भागात फिजीची बेटे सापडावयास आपणांस फारसे कष्ट पडू नयेत. १८७९ ते १९१६ ह्या काळात आपले साठ हजारांवर देशबांधव गिरमिटिये म्हणून तेथील उसाच्या मळ्यांवर गेले, आणि त्यांच्या नातवा-पणतवांची हिंदी आजही तेथल्या बाजारांतून कानी पडते. त्या फिजीपासून ईशान्येला सामोआच्या दिशेने बोट सरकवीत चला. वाटेत दोन बारीक ठिपके लागतील. नकाशा शाळेतला असेल तर बहुधा तेही लागणार नाहीत. छापणाऱ्याला ते शाईचे डाग वाटून त्याने पुसूनही टाकले असतील!

ह्या ठिपक्यांची नावे वॉलिस आणि फुतुना. दोहोंमध्ये सुमारे २३० किलोमीटरचा उघडा समुद्र आहे. फुतुनाला खेटून आलोफी नावाचे आणखी एक बेट आहे. तेथे वस्ती जवळजवळ नाहीच, फुतुनाचे लोक होड्यांतून जाऊन तेथे शेते करतात आणि परत येतात. सगळी जमीन एकत्र मोजली तरी ती १४२ चौरस किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. २०१८ च्या शिरगणतीत येथली लोकसंख्या ११,५५८ भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला एक ग्रामपंचायत पुरते. येथे तीन राजे आहेत.

होय, तीन. वॉलिस बेटावर, ज्याला तेथील लोक उवेआ म्हणतात, एक राजा. आणि त्याहून लहान असलेल्या फुतुनावर दोन. गंमत येथेच संपत नाही. हा सारा मुलूख फ्रान्सचा आहे. ज्या फ्रान्सने १७९३ साली भर चौकात आपल्या राजाचा शिरच्छेद केला आणि ज्याच्या शाळांतून आजही त्या राज्यक्रांतीचे पाठ दिले जातात, त्याच फ्रान्सचे प्रजासत्ताक पॅरिसपासून सुमारे सोळा हजार किलोमीटरवरच्या ह्या तीन राजांना सरकारी तिजोरीतून मानधन देते, समारंभात त्यांना मानाचे आसन देते आणि कायद्याने त्यांच्या रूढींचे रक्षण करते. हे कसे घडले, आणि ते कितपत निभते आहे, हे पाहण्यासारखे आहे.

वॉलिसला जावयाचे तर विमान फिजीतील नांदीहून किंवा न्यू कॅलेडोनियाच्या नुमेआ शहरातून मिळते. नुमेआ येथून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे. विमान खाली येऊ लागले की प्रथम दिसते ती प्रवाळाची कड. पांढऱ्या फेसाची एक रेघ बेटाभोवती फिरलेली. तिच्या आत फिकट हिरवे, स्वस्थ पाणी आणि त्यात विखुरलेली चिमुकली बेटे. तिच्या बाहेर काळानिळा समुद्र. बेट स्वतः मात्र बुटके आहे. त्याचा सर्वांत उंच माथा १५१ मीटरांचा, म्हणजे पुण्याच्या पर्वतीपेक्षा फारसा दांडगा नव्हे. विमानतळाचे नाव हिहिफो. तेथे उतरताना घड्याळ साडेसहा तास पुढे करावे लागते. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले असता तेथे भर दुपारचे बारा झालेले असतात. रेखांश पाहिला तर हे बेट कालच्या तारखेत पडावयास हवे, परंतु शेजाऱ्यांशी सोयीचे व्हावे म्हणून ते आजच्या तारखेत राहते.

आणि मग कानी पडते ते तेथील अभिवादन: ‘मालो ते माउली’. वारीच्या वाटेवर अनोळखी माणसालाही ‘माउली’ अशी हाक घालण्याची ज्यांची परंपरा, त्या मराठी वाचकांना हे ऐकून काय वाटेल ते मी सांगावयास नको. अर्थात हा केवळ ध्वनींचा योगायोग आहे; त्यावरून कोणी दिंडी पॅसिफिकपर्यंत नेऊ नये. त्यांच्या शब्दात ‘मा’ आणि ‘उली’ ह्यांच्यामध्ये गळ्यातला एक बारीक अटकाव आहे, आणि अर्थ आहे ‘जीव’, ‘जिवंत असणे’. एकूण अभिवादनाचा भाव असा की, आपण जिवंत आहात, फार चांगले झाले! वादळे, भूकंप आणि समुद्र ह्यांच्या सोबतीने राहणाऱ्या माणसांनी एकमेकांना भेटताना ह्याहून वेगळे काय म्हणावे?

भाषेची आणखी एक मौज सांगून पुढे जातो. आपल्या वर्णमालेतला ‘ङ’ बिचारा ‘वाङ्मय’ शब्दापुरता उरला आहे. उवेआत आणि फुतुनात मात्र तो शब्दाच्या आरंभी ताठ उभा राहतो. झाडाच्या सालीपासून कुटून केलेल्या रंगीत वस्त्राला वॉलिसमध्ये ‘ङातू’ म्हणतात. रोमन लिपीत हा ध्वनी ‘ग’च्या अक्षराने लिहिण्याची मिशनऱ्यांची पद्धत असल्यामुळे परके लोक नेहमी चुकतात. फुतुनावरील एका राज्याचे नाव कागदावर ‘सिगावे’ दिसते, पण तोंडाने ते ‘सिंगावे’ असे काहीसे म्हणावयाचे. दुसऱ्या राज्याचे नाव आलो.

माता-उतू हे येथले मुख्य गाव. शहर म्हणवण्याइतके ते मोठे नाही. समुद्राकडे तोंड करून तेथे दोन इमारती जवळजवळ उभ्या आहेत. एक ज्वालामुखीच्या निळसर काळ्या दगडातले भव्य चर्च. त्याच्या दोन मनोऱ्यांच्या मध्ये एक माल्टाचा क्रूस आहे, आणि तोच उवेआच्या राजघराण्याचेही चिन्ह आहे. दुसरी इमारत म्हणजे राजवाडा. आपण म्हैसूरचा किंवा कोल्हापूरचा राजवाडा डोळ्यांपुढे आणाल तर निराशा होईल. कोकणातल्या एखाद्या सुखवस्तू खोताच्या वाड्यासारखे, दोन मजल्यांचे, दोन्ही मजल्यांना पडव्या असलेले ते घर आहे. पुढे मोकळे पटांगण. परंतु ह्या पटांगणाचेच महत्त्व मोठे. कारण राजाचे राजेपण वाड्याच्या भिंतींत नसून ह्या पटांगणात, सर्वांच्या डोळ्यांदेखत, कावाच्या कठवतीभोवती सिद्ध होते.

कावा ही मिरीच्या कुळातील एक वनस्पती आहे. आपले विड्याचे पानही त्याच कुळातले. तिचे मूळ कुटून, पाण्यात कालवून, सालीच्या तंतूंनी गाळून एक मातकट रंगाचे पेय करतात. त्याने झिंग येत नाही, जीभ किंचित बधिर होते आणि मन निवते. ते पायांच्या लाकडी कठवतीत तयार होते आणि नारळाच्या करवंटीतून दिले जाते. एवढ्यावरून आपणांस वाटेल की हे त्यांचे सरबत असावे. तसे नव्हे. राजसमारंभातील कावात पेय दुय्यम असते. कोण कोठे बसला, कोणाचे नाव केव्हा पुकारले गेले, कोणाच्या हाती करवंटी कितवी आली, ह्यावर सारे लक्ष असते. आपल्याकडील जुन्या लग्नांत मानाचा विडा चुकीच्या हाती गेला म्हणून वऱ्हाड रुसून उठल्याच्या कथा आपण ऐकल्या असतीलच. तेथे तर त्या क्रमात सारी राज्यघटना असते. पुकारणाऱ्याने एखादे पद वगळले तर ते पद रिकामे असल्याचे साऱ्या गावाला कळते. नव्या माणसाचे नाव पदासह पुकारले की त्याची नेमणूक झाली. राजपत्रात छापण्याची वाट कोणी पाहत नाही.

मोठ्या सणांना ह्याच पटांगणावर ‘कातोआंगा’ भरते. गावोगावची मंडळी भाजलेली डुकरे, सुरण-अळकुड्यांच्या जातीचे कंद, चटया आणि सालवस्त्रे आणून रांगेने मांडतात. येथे संपत्ती मोजावयाची ती डुकरांत. मग त्या साऱ्याची वाटणी होते आणि मांसाचा कोणता भाग कोणाकडे जावा हेही मानाप्रमाणे ठरते. ज्याने पुष्कळ आणले तो बहुधा थोडे घेऊन परततो, पण ताठ मानेने परततो. बाहेरच्या हिशेबनीसाला ही उधळपट्टी वाटते. परंतु ज्या बेटावर वादळ एका रात्रीत केळीच्या आणि विलायती फणसाच्या बागा झोपवून टाकते, तेथे साठवलेल्या धान्यापेक्षा देऊन ठेवलेले ऋण अधिक टिकाऊ ठरते, हेही लक्षात घ्यावे.

आता राजाविषयी. उवेआच्या राजाची पदवी ‘लावेलुआ’. त्याच्या हाताखाली एक मुख्य प्रधान, इतर मंत्री, तीन जिल्ह्यांचे तीन प्रमुख आणि प्रत्येक गावाचा एक पाटील अशी उतरंड आहे. ‘पाटील’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. गावचा रस्ता साफ करवून घेणे, सणाची वर्गणी ठरवणे, बांधावरची भांडणे तोडणे ही त्याची कामे आपल्या जुन्या पाटलासारखीच. राजा मात्र आपल्या संस्थानिकांसारखा नाही. बापामागून थोरला मुलगा, हा नियम येथे चालत नाही. काही ठरावीक कुलीन घराण्यांतील वडीलधारे बसून, खल करून, कोणा एकाला निवडतात. ती व्यक्ती स्त्रीही असू शकते. एकोणिसाव्या शतकात येथे राण्यांनी दीर्घ काळ राज्य केले आणि विसाव्या शतकातही १९५३ ते १९५८ पर्यंत आलोइसिया नावाची राणी गादीवर होती. ज्यांनी निवडले ते राजाला उतरवूही शकतात, आणि उतरवतात. फुतुनावर तर ही गोष्ट इतकी नित्याची की आलोच्या गादीवर २००८ ते २०१८ ह्या दहा वर्षांत अनेक राजे आले आणि गेले. त्यांपैकी एकाने २०१० साली आपण होऊन पद सोडले. राजेपण हे येथे जन्मभराचे इनाम नसून लोकांनी दिलेले आणि लोकांनी परत मागावयाचे ओझे आहे.

युरोपीय लोक येथे आले ते टप्प्याटप्प्याने. १६१६ साली स्खौटन आणि ल मेर हे डच दर्यावर्दी फुतुनाला पोहोचले आणि आपल्या होर्न गावाचे नाव त्यांनी त्या बेटांना देऊन टाकले. १७६७ साली सॅम्युएल वॉलिस हा इंग्रज कप्तान उवेआवरून गेला. नाव मागे ठेवून गेला इतकेच. त्या नावाखाली पुढे फ्रेंचांनी राज्य केले हा दैवाचा विनोद. खरा पालट झाला तो १८३७ मध्ये, फ्रेंच कॅथलिक धर्मोपदेशक येथे उतरल्यावर. उवेआवर बातैयाँ आणि फुतुनावर पियेर शानेल.

शानेलची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. आलोचा राजा निउलिकी ह्याने त्याला आश्रय दिला. १८३९ साली आलो आणि सिंगावे ह्यांच्यात मोठी लढाई झाली, तीत निउलिकी विजयी झाला; त्याचे बळ वाढले. परंतु फुतुनाच्या राजाचे बळ केवळ भाल्याचे नव्हते. देव त्याच्या मुखाने बोलतात, म्हणून कंद पिकतात, अशी श्रद्धा होती. नवा देव आला तर जुना राजा कशाला, हा प्रश्न त्याच्या घरातच उभा राहिला. कारण त्याचा मुलगा मेइताला हाच नव्या धर्माकडे वळला. २८ एप्रिल १८४१ ह्या दिवशी राजाचा जावई मुसुमुसू आपल्या माणसांसह पोई येथे शानेलच्या खोपटावर गेला आणि तेथे शानेलचा वध झाला. ह्या तीन वर्षांत त्या साध्या माणसाला फारसे अनुयायी मिळाले नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर मात्र काही वर्षांतच सारे बेट ख्रिस्ती झाले. मुसुमुसूही झाला, आणि शानेलच्या स्थानी येणाऱ्यांची पावले आपल्यावरून जावीत म्हणून चर्चच्या दाराशी आपल्याला पुरावे, अशी इच्छा त्याने मरताना सांगितली अशी आख्यायिका आहे. १९५४ साली शानेलला रोमने संतपद दिले आणि १९७७ साली त्याच्या अस्थी फुतुनाला परत आल्या. ज्यांनी मारले त्यांच्याच वंशजांनी त्या खांद्यावरून वाहून नेल्या. २८ एप्रिल हा आज फुतुनाचा सर्वांत मोठा सण.

धर्म आला आणि त्याच्यामागून ध्वज आला. उवेआची राणी आमेलिया हिने १९ नोव्हेंबर १८८६ रोजी फ्रान्सशी संरक्षणाचा करार केला. फुतुनाचे राजेही दोन वर्षांच्या आत त्याच मार्गाने गेले. येथे तोफा धडाडल्या नाहीत, हे नमूद केले पाहिजे. आसपासच्या समुद्रात इंग्रज, जर्मन आणि अमेरिकन बेटे टिपत होते. तेव्हा कोणाच्या तरी छत्राखाली जाणे प्राप्तच होते, आणि मिशनऱ्यांनी फ्रान्सचे छत्र सुचवले. आपल्याकडे तैनाती फौजेच्या तहाने काय झाले ते आपण जाणतो. येथे तसे झाले नाही, ह्याचे कारण फ्रान्सचा उदारपणा म्हणावे तर तो भाबडेपणा होईल. येथे घेण्यासारखे फारसे काही नव्हते. सोने नाही, निकेल नाही, मोठी बंदरे नाहीत. होते ते नारळ.

आणि तेही गेले. कोकणातल्या बागाईतदाराला गेंड्या भुंग्याची ओळख करून द्यावी लागत नाही. माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरणारा हा शत्रू १९०९ साली सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर चुकून सामोआला पोहोचला आणि १९३० नंतरच्या काळात वॉलिसला आला. माड सुकले, खोबऱ्याचा व्यापार मोडला. पाठोपाठ महायुद्ध आले. फ्रान्सचा पाडाव झाल्यावर वॉलिसचा फ्रेंच अधिकारी व्हिशी सरकारशी एकनिष्ठ राहिला, तर आजूबाजूच्या वसाहती द गॉलच्या बाजूला गेल्या. बेटाकडे जहाज फिरकेना. १९४२ च्या मे महिन्यात मुक्त फ्रेंचांची तुकडी आली, तिच्या पाठोपाठ अमेरिकेचे हजारो सैनिक उतरले. त्यांनी रस्ते केले, हिहिफोची धावपट्टी बांधली, रोख मजुरी दिली, डबाबंद मांस वाटले, आणि युद्ध संपताच निघून गेले. बेटावर लालोलालो नावाचे एक विलक्षण तळे आहे: जवळजवळ वर्तुळाकार, भोवती सरळ तुटलेले उंच कडे, पाणी सुमारे ऐंशी मीटर खोल आणि गर्द. जाताना अमेरिकनांनी आपली नको असलेली यंत्रसामग्री ह्याच तळ्यात लोटून दिली, असे सांगतात.

रोख पैशाची चव लागलेली आणि माड गेलेले हे लोक मग न्यू कॅलेडोनियाच्या निकेलच्या कारखान्यांकडे निघाले. तो ओघ आजतागायत थांबलेला नाही.

१९५९ हे वर्ष ह्या बेटांच्या कथेत मधोमध येते. त्या वर्षी तोमासी कुलिमोएतोके हे लावेलुआ झाले, आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला लोकांना विचारण्यात आले: संरक्षित राज्य म्हणून राहावयाचे की फ्रेंच प्रजासत्ताकात यावयाचे? प्रचंड बहुमताने उत्तर मिळाले की यावयाचे. २९ जुलै १९६१ चा कायदा त्यातून जन्मला. त्याच वर्षाच्या अखेरीस इकडे आपल्या गोव्यातून एक युरोपीय सत्ता चार शतकांनंतर निघून गेली, आणि तिकडे ही बेटे दुसऱ्या एका युरोपीय सत्तेत आपण होऊन सामील झाली! स्वातंत्र्यासाठी झटलेल्या आपल्या पिढ्यांना हे सहज पचणार नाही. परंतु त्या कायद्यात एक कलम होते. लोकांच्या धर्माला, श्रद्धांना आणि रूढींना, त्या कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांविरुद्ध जात नाहीत तोवर, प्रजासत्ताक आदर देईल अशी हमी त्यात दिलेली आहे. तिन्ही राजे तेथील शासन-मंडळाचे उपाध्यक्ष आहेत. अध्यक्ष म्हणजे पॅरिसने धाडलेला प्रशासक. जोडीला वीस सभासदांची निवडलेली विधानसभा, पॅरिसच्या संसदेत एक खासदार आणि एक सेनेटर. नगरपालिका नाहीत, राज्ये हीच नगरपालिका. प्राप्तिकर नाही. प्राथमिक शाळा सरकारने कॅथलिक मिशनकडे सोपवल्या होत्या, जे खुद्द फ्रान्समध्ये कोणी सुचवले तर दंगल होईल. आणि जमीन? ती कुळांची. तिचे सातबारे नाहीत. परक्याला ती विकत घेता येत नाही. बांधाचा तंटा न्यायाधीशाकडे नव्हे, राजाच्या सभेकडे जातो.

‘विरुद्ध जात नाहीत तोवर’ हे शब्द मात्र लहान नव्हते. ४४ वर्षांनी त्यांची कसोटी लागली. राजाच्या एका नातवाच्या हातून, मद्य पिऊन गाडी चालवताना, एक माणूस मेला. फ्रेंच न्यायालयाने त्याला शिक्षा दिली. तो राजवाड्यात जाऊन राहिला, आणि २००५ सालच्या आरंभी कित्येक आठवडे फ्रान्सचे शिपाई त्या दोन मजली घराच्या पडवीत पाऊल टाकू शकले नाहीत. राजपक्षाचे म्हणणे असे की, मृताच्या कुटुंबापाशी जाऊन, चटया आणि डुकरे ठेवून, डोके खाली घालून क्षमा मागण्याची आमची रीत आहे. त्यानंतर पुन्हा तुरुंग कशाला? दुसरा पक्ष, ज्यात कुलीन घराण्यांतलेही अनेक होते, म्हणाला की रूढी क्षमेसाठी आहे, लपण्यासाठी नाही. अखेर तो तरुण स्वाधीन झाला. पण तंटा मिटला नाही. तो राजाकडेच वळला. वृद्ध राजाला उतरवून नवा राजा बसवावयाचा, असा घाट सप्टेंबर २००५ मध्ये घातला गेला. राजनिष्ठांनी रस्ते अडवले. विमानतळही त्या ओढाताणीत सापडला. एकाच चर्चमध्ये प्रार्थनेला बसणारी, एकमेकांच्या लग्नांत डुकरे वाहिलेली माणसे दोन बाजूंना उभी राहिली. फ्रान्सने मध्यस्थ धाडला आणि जुन्या राजालाच आपण मानतो असे जाहीर केले. दुसरा राज्याभिषेक झाला नाही.

मला वाटते, ह्या प्रसंगात कोणा एका पक्षाला सरसकट दोष देणे सोपे नाही. मृताच्या आईला चटईने न्याय मिळाला असता की तुरुंगाने, हे दुरून कोणी सांगावे? पण एक गोष्ट सांगता येते: ज्या हमीने रूढीला कायद्याचा आधार दिला, तिनेच रूढीचा निवाडा प्रशासकाच्या पत्रावर आणून ठेवला. राजा कोण, हे कावाच्या पटांगणात ठरत होते. आता ते मानधनाच्या यादीत कोणाचे नाव येते ह्यावरूनही ठरू लागले.

तोमासी कुलिमोएतोके ७ मे २००७ रोजी, ८८ वर्षांचे होऊन, निवर्तले. सहा महिने सुतक पाळले गेले, आणि त्या काळात वारसाचे नाव काढणेदेखील निषिद्ध होते. पुढचा राजा जुलै २००८ मध्ये बसला, २०१४ मध्ये उतरवला गेला, आणि २०१६ साली पुन्हा दोन पक्षांनी दोन राजे पुढे केले. त्यांपैकी पातालिओने कानिमोआ ह्यांना त्या वर्षीच्या जून महिन्यात फ्रान्सने मान्यता दिली. मधली जवळजवळ दोन वर्षे गादी रिकामी होती. त्या काळात गावचे पाटील गावचे रस्ते झाडवून घेत होते.

फुतुनाला जाणारे विमान लहान आहे. थोडेच प्रवासी मावतात. जावयास हवे मात्र. वॉलिस सपाट आणि मोकळे, तर फुतुना उभे आणि अवघड. पुके नावाचा डोंगर ५२४ मीटर चढलेला, आणि त्याच्या पायाशी समुद्रालगतच्या अरुंद पट्टीत एकामागून एक गावे. प्रवाळाने वेढलेले शांत पाणी येथे नाही. लाटा दाराशी येऊन आपटतात. १९९३ च्या मार्चमध्ये भूकंपाने आणि २०१० च्या मार्चमध्ये ‘टोमास’ वादळाने हे बेट हादरले. सिंगावेच्या बाजूला ओढ्याचे पाणी पाटांनी फिरवून केलेली आळवाची खाचरे आहेत, एकाखाली एक, आपल्या घाटमाथ्यावरच्या भातखाचरांसारखी. ती शतकानुशतकांची आहेत. आलोच्या बाजूला कोरडवाहू कंदांची शेती अधिक. पॅट्रिक कर्च ह्या पुरातत्त्वज्ञाने ह्या ओल्या आणि कोरड्या शेतीवर ग्रंथ लिहिला आहे. त्याच्या मते खाचरे भरलेली असणारी माणसे नव्हेत, तर पावसाकडे डोळे लावून बसणारी कोरड्या बाजूची माणसे चढाया करीत. १८३९ ची लढाई कोणी जिंकली ते आपण वर पाहिलेच. सिंगावेत आज तेराशेच्या आसपास माणसे राहतात. त्यांचाही एक राजा आहे, आणि आलोच्या राजापेक्षा तो तसूभरही कमी राजा नाही.

ह्या तिन्ही राज्यांपुढे आज उभा असलेला पेच कोणा प्रशासकाने आणलेला नाही. २००३ साली येथे सुमारे पंधरा हजार माणसे होती. पंधरा वर्षांत त्यांतली तीन हजारांहून अधिक कमी झाली. तरुण मुले शिकावयास नुमेआला किंवा फ्रान्सला जातात, आणि नोकरी तेथेच लागते. न्यू कॅलेडोनियात आता ह्या बेटांचे वीस हजारांहून अधिक लोक आहेत, म्हणजे मूळ घरापेक्षा दुप्पट कुटुंब परगावी! मुंबईच्या चाळींतून राहून गणपतीला कोकण गाठणाऱ्या आपल्या चाकरमान्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. मनिऑर्डरीही तशाच येतात आणि घरांना कुलुपेही तशीच लागतात. २०२४ साली नुमेआत दंगली उसळल्या, निकेलचा धंदा ढासळला, तेव्हा ह्या बेटांवरच्या घराघरांतून काळजी पसरली. जमीन विकावयाची नाही हे ठीक; पण ती कसावयाची कोणी?

संध्याकाळी फुतुनावर पुरुषमंडळी कावासाठी जमतात. भिंती नसलेले, चटया अंथरलेले एखादे छप्पर, मधोमध कठवत. येथे राजसमारंभाची शिस्त नसते, पण करवंटी देताना टाळी वाजवावयाची आणि रिकामी करून परत द्यावयाची, एवढी रीत पाळली जाते. पाहुण्याला जागा करून देतात. बोलणे सावकाश चालते: कोणाच्या डुकराने कोणाचे शेत उकरले, आलोफीकडे उद्या होडी जाईल का, नुमेआहून कोणाचा मुलगा नाताळला येतो आहे, आणि येणार असेल तर त्याच्यासाठी कोणते डुक्कर राखून ठेवावयाचे.